उत्तराचं सार

पेंढुरकर आणि आम्ही दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या एकाच ब्लॉकमध्ये तळमजल्यावर एकोणीस वर्षं समोरासमोर राहिलो. सरकारी क्वार्टर. मधे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, तिच्या अलीकडे आमचं दार, पलीकडे त्यांचं. उत्तरा पेंढुरकर माझी मैत्रीण. तिचे यजमान शशिकांत, त्यांना मी भावोजी म्हणायचे. पण खरं सांगायचं तर पहिली सोळा वर्षं आमचं बोलणं "विलास आहेत का घरात?" यापुढे गेलं नव्हतं. विलास म्हणजे माझे यजमान.

भावोजी मालवणकडचे. बाविसाव्या वर्षी परीक्षा पास होऊन स्टेनो म्हणून दिल्लीला आले आणि त्याच कामात चढत चढत मंत्रालयातल्या मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर जाऊन बसले. साहेब कितीही भरभर बोलोत, पेंढुरकरांच्या वहीतून शब्द सुटत नाही, असं ऑफिसात म्हणत. घरी मात्र ते फारसं बोलत नसत आणि ऐकतही नसत. आल्यावर चहा, मग पेपर, मग बातम्या. पाण्याचा पेलासुद्धा उत्तरानं हातात द्यायचा. त्यात दुष्टपणा काही नव्हता. त्यांनी लहानपणापासून तेच पाहिलं होतं, आणि उत्तरानंही कधी त्यावरून वाद घातला नव्हता.

उत्तरा वेंगुर्ल्याची. बोलकी, आणि स्वयंपाकात रमणारी. दिल्लीच्या भाज्यांशी तिनं आपलं आपण जमवून घेतलं होतं. फेब्रुवारीत थंडीची धार गेली, की आमच्या बुधबाजारात कोवळा माल येतो. लाल गाजरं, पांढरे-जांभळे शलगम, चाकवतासारखा बथुआ, पातीसकट हिरवा लसूण, आणि मुठीत धरले की करकरणारे वाटाणे. या सगळ्यांचं ती एक सार करायची. ओलं खोबरं, धणे, जिरं, मिरी आणि हिरव्या लसणाचं वाटण, शेवटी दोन आमसुलं. असलं सार वेंगुर्ल्यात कुणी करत नाही आणि दिल्लीतही नाही. ती त्याला "माझं दिल्लीचं सार" म्हणायची. होळी होईपर्यंत दर बुधवारी त्याचं एक पातेलं झाकून आमच्याकडे यायचं.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्या जिभेच्या कडेला जखम झाली. एक दाढ तुटून टोकदार झाली होती, ती लागायची. "सारखं टोचतं गं," म्हणायची आणि हळद-तूप लावायची. पावसाळा गेला, जखम गेली नाही. दिवाळीत माझ्याकडे फराळाला आली तेव्हा तिनं चकली उचलली आणि परत ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तिला धरून दवाखान्यात नेलं. तिथून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला, आणि रिपोर्ट घ्यायला भावोजी आमच्याबरोबर आले.

कॅन्सर होता. तंबाखू तिनं जन्मात कधी तोंडात धरली नव्हती.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "इतने महीने हो गए थे, पहले क्यों नहीं आए?"

उत्तरा खाली बघत राहिली. भावोजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ऑपरेशन करावं लागणार होतं. जिभेचा अर्ध्याहून जास्त भाग काढायचा, हाताची कातडी घेऊन तिथे जोडायची, मग दीड महिना रेडिएशनचे शेक. बोलणं राहील, पण कसं राहील ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांची मुलगी संपदा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. गुरुग्रामला एका कंपनीत नोकरी, तिथेच चौदाव्या मजल्यावर भाड्यानं घर. ती धावत आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आईला मी माझ्याकडे नेते. कुक आहे, नर्स ठेवू."

"नको. ती इथेच राहील. मी रजा टाकतोय," भावोजी म्हणाले.

संपदा चिडली की हिंदीत जायची. "पापा, आपसे नहीं होगा. आपने आज तक गॅस नहीं जलाई है. कुकरच्या शिट्ट्या किती करतात ते माहितीये तुम्हाला?"

भावोजींना माहीत नव्हतं. ते तसं म्हणाले, "माहीत नाही." आणि पुन्हा म्हणाले, "पण ती इथेच राहील."

शेवटी उत्तरानंच सांगितलं, की तिला आपलं घर सोडायचं नाहीये. तेव्हाही तिचं बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलेले. भावोजींच्या हातात ऑफिसची वही आणि पेन्सिल. उत्तरा सांगत होती आणि ते लघुलेखनात उतरवून घेत होते. पाणी किती वाजता येतं, टाकी कधी भरायची, गॅस कसा बुक करायचा, कुठल्या डब्यात काय आहे. मग मऊ खिचडी, मग वरण, मग सार.

"मीठ किती?" त्यांनी विचारलं.

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती? चमचा सांग."

"अहो, अंदाजानं म्हणजे अंदाजानं. चव घेऊन बघायची."

त्यांनी तेही लिहून घेतलं. अकरा पानं झाली. मी दारातच उभी होते, आत जावंसं वाटेना. जीभ दुखत असल्यामुळे ती थांबत थांबत बोलत होती, आणि ती थांबली की त्यांची पेन्सिल थांबायची. पुष्कळ दिवसांनी, ती गेल्यानंतर, ते मला म्हणाले, "वहिनी, ती नीट बोलली ती त्या दुपारी शेवटची. आणि मी मान खाली घालून लिहीत बसलो होतो. तिच्याकडे बघायला हवं होतं."

ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. तीन आठवडे नाकातली नळी, मग पातळ पदार्थ, मग जानेवारीच्या मध्यापासून रोज शेक. भावोजी सकाळी तिला टॅक्सीनं न्यायचे आणि आणायचे. कपडे धुवायला, केर काढायला बाई होती, बाकी सगळं ते करत होते. पहिल्या महिन्यात त्यांनी दोन पातेली जाळली आणि एकदा हात पोळून घेतला. मी डबा देऊ का विचारलं, की "नको, होतंय" म्हणायचे. होत नव्हतं, पण ते करत होते.

शेकांनी उत्तराचं तोंड आतून सोलून निघालं. लाळ आटली, चव गेली. बोलणं म्हणजे नुसता घशातून येणारा आवाज, आणि त्याचीही तिला लाज वाटायची, म्हणून ती बोलायचीच नाही. संपदानं एक पांढरी पाटी आणून दिली होती, तिच्यावर ती लिहायची. हॉस्पिटलनं आहाराचा छापील कागद दिला होता. तिखट, आंबट, मसाले बंद. दूध, डाळीचं पाणी, प्रथिनांची पावडर. तो कागद भावोजींनी फ्रिजला चिकटवला होता आणि तो ते ऑफिसच्या आदेशासारखा पाळत होते. उत्तरा दिवसातून पाच वेळा ते पांढरं दूध गिळायची. हळूहळू चार वेळा झालं, मग तीन. मार्च उजाडला तेव्हा तिचं वजन एकोणचाळीस किलोवर आलं होतं. आणखी उतरलं तर पोटात नळी बसवावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. भावोजी पेला घेऊन आले. तिनं पाटी उचलली आणि एकच शब्द लिहिला. मसाला.

"उत्तरा, डॉक्टरांनी नाही सांगितलंय," ते म्हणाले.

तिनं खाली लिहिलं: सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं.

"थोडे दिवस. तोंड बरं होऊ दे."

तिनं पाटी पालथी घातली आणि भिंतीकडे वळली. पुढचे दोन दिवस ती पाण्याशिवाय काही घेईना. रागावून नव्हे. तिला आता नकोच झालं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी बुधवार होता. दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. भावोजी उभे होते, हातात दोन पिशव्या, एकीतून गाजराचा पाला बाहेर आलेला. सोळा-सतरा वर्षांत त्यांनी विलासची चौकशी केल्याशिवाय आपणहून माझ्याशी बोललेलं हे पहिलंच.

"वहिनी, पुरणयंत्र म्हणजे कोणतं हो? तिनं सांगितलंय, भाज्या शिजल्या की पुरणयंत्रातून काढायच्या. सगळी कपाटं पाहिली."

मी त्यांच्या माळ्यावरून ते काढून दिलं. "भावोजी, मी करून देते ना," मी म्हटलं.

"नको. तिनं मला सांगितलंय," ते म्हणाले, आणि वही उघडून ओट्याशी उभे राहिले.

मी उत्तराजवळ जाऊन बसले. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. मग तुपाचा वास आला, आणि मग काहीतरी करपल्याचा. तासाभरानं भावोजी वाटी घेऊन आले. रंग मातकट होता. त्यांनी फुंकून गार केलं, स्वतः बोट लावून पाहिलं आणि चमचा तिच्या ओठांशी नेला.

तिनं घोट घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी तिला धरून मोरीपाशी नेलं, चुळा भरवल्या. कच्ची मिरी आणि कच्चा लसूण त्या सोललेल्या तोंडाला लागले होते. परत आलो तर भावोजी चमचा हातात धरून तिथेच उभे. "मी तिला जाळलं," ते म्हणाले, आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, संपलं. आता ती कशालाच तोंड लावणार नाही. पण उत्तरा पलंगावर बसली नाही. भिंत धरत ती स्वयंपाकघराकडे निघाली. तीन महिन्यांत तिनं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तिनं पातेल्यात डावानं ढवळून पाहिलं, कढईकडे पाहिलं. कढईत वाटाणे तळून काळे टणक झाले होते, छर्‍यांसारखे. वाटण कच्चंच वरून घातलेलं, खोबऱ्याचा चोथा तरंगत होता. तिनं वहीवर बोट ठेवून मला खुणावलं, त्यांना बोलाव.

ते आले. तिनं पाटीवर लिहिलं: आधी काय परतलं?

"वाटाणे," ते म्हणाले. "तू सांगितलंस तसं. वाटाणे तुपावर खमंग परतायचे, मग गाजर-शलगम, पाणी, आणि वाटण शेवटी."

तिनं मान हलवली आणि दोन शब्द एकाखाली एक लिहिले. वाटण. वाटाणे. आणि त्यांच्यामध्ये वर-खाली बाण काढले.

भावोजींनी वही डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "भरभर लिहिताना आम्ही स्वर गाळतो, वहिनी. नुसत्या व्यंजनांच्या रेघा. व, ट, ण. दोन्ही शब्दांची खूण एकच." त्यांचा चेहरा पडला होता. "छत्तीस वर्षांत असं कधी झालं नाही."

उत्तराच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. जबडा हातानं घट्ट धरून, दुखतंय म्हणून डोळे मिटून, पण हसत होती. ऑपरेशननंतर तिच्या तोंडून निघालेला असा हा पहिला आवाज.

मग ती ओट्याजवळ स्टुलावर बसली आणि बोटानं दाखवत गेली. भावोजींनी सगळं पहिल्यापासून केलं. मिरीचे दाणे त्यांनी मूठभर घेतले, तिनं ते परत डब्यात टाकायला लावले आणि एकच ठेवला. लसणाची नुसती पात. आमसूल नाही. वाटण परतताना ते कढईत डोकावत होते आणि तिच्याकडे बघत होते. तिनं हात वर केला, की गॅस बारीक. पाणी घातल्यावर ते निश्चिंत होऊन बाजूला सरले, तर तिनं डावाकडे बोट दाखवलं, ढवळत राहा. पुरणयंत्र फिरवायला मी धरू लागले. शेवटी वाटाणे घातले, ते हिरवेगार राहिले, मग तेही चुरून गाळून घेतले.

ती वाटी संपवायला तिला पाऊण तास लागला. मधेमधे ती थांबायची, डोळे मिटायची. चव लागत होती का, ते मी विचारलं नाही. वाटी रिकामी झाल्यावर तिनं लिहिलं: धणे कळले.

त्या महिन्यात भावोजींनी एकही बुधवार चुकवला नाही. नंतर बाजारातली गाजरं संपली, वाटाणे जून झाले, तरी ते मिळेल त्या भाजीचं सार करत राहिले. वजन आधी थांबलं, मग चढलं. पोटात नळी बसवावी लागली नाही.

एक गोष्ट त्यांनी मला पुढे सांगितली. एप्रिलमधल्या एका सकाळी दोघं शेंगा सोलत बसले होते, आणि त्यांच्यानं राहवलं नाही. उन्हाळ्यात जीभ दुखते म्हणून उत्तरानं त्यांना सांगितलं होतं. तेव्हा अधिवेशन चालू होतं, ते फायलीतून डोकं वर न काढता "बी-कॉम्प्लेक्स घे" म्हणाले होते. डॉक्टरांनी विचारलं त्या दिवसापासून हे त्यांच्या मनात होतं.

"तू मला दोनदा सांगितलं होतंस," ते तिला म्हणाले.

उत्तरानं सोललेले दाणे भांड्यात टाकले, पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: तीनदा.

हे सांगताना ते मला म्हणाले, "तिसरी वेळ मला आठवतसुद्धा नाही, वहिनी." मग तिनं ते पुसलं, त्यांच्यापुढे आणखी शेंगा सरकवल्या, आणि तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.

हळूहळू ती बोलायला लागली. त्या बोलण्यात ट-ठ नव्हते, र नव्हता, ज-च कुठल्या कुठे गेले होते. मला चार शब्दांतला एक कळायचा. संपदा यायची, "हां आई, हां आई" करायची आणि मग माझ्याकडे बघायची. फक्त भावोजींना सगळं कळायचं. ती बोलायला लागली की ते हातातलं काम ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. बाजारात ती भाजीवाल्याशी बोलायची, तो गोंधळायचा, आणि हे शेजारी उभे राहून शांतपणे सांगायचे, "मैडम कह रही हैं, बथुआ कल का है." दिल्लीत काढलेल्या सगळ्या वर्षांत ती दोघं बाजारात एकत्र गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

पुढचा वसंत चांगला गेला. मिरीचे दाणे चारावर आले, आमसूल परत आलं. बुधवारचं पातेलं पुन्हा आमच्याकडे यायला लागलं, ते घेऊन भावोजी यायचे आणि दारातच थांबून विचारायचे, "मागच्यापेक्षा बरं आहे का?" संपदा रविवारी यायची तेव्हा तिलाही वाढायचे. ती मुकाट्यानं जेवायची. वडिलांना जमणार नाही असं जे ती बोलली होती, त्याबद्दल ती काही म्हणाली नाही, आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात उत्तराला खोकला लागला. या वेळी भावोजींनी दुसऱ्याच दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं. पण कॅन्सर फुप्फुसात पसरला होता. औषधांनी थोडे महिने वाढतील, पण त्रास होईल, असं सांगितलं. उत्तरानं डॉक्टरांना काहीतरी म्हटलं. त्यांना कळलं नाही, त्यांनी भावोजींकडे पाहिलं.

भावोजींनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "वो कह रही हैं, घर जाना है."

घरीच ठेवलं तिला. ऑक्सिजनचं यंत्र आणलं, खिडकीजवळ पलंग घेतला. संपदा सुट्टी काढून राहायला आली. फेब्रुवारीत बाजारात कोवळा माल आला आणि भावोजींनी सार केलं, अगदी तिच्या हातचं वाटावं असं. ती दोन चमचे घ्यायची आणि हात वर करायची. ते वाटी झाकून ठेवायचे. तासाभरानं पुन्हा दोन चमचे.

मार्चमधल्या एका बुधवारी ती सकाळपासून गप्प होती. श्वास वर लागला होता. भावोजी म्हणाले, हिरवा लसूण संपलाय, पटकन जाऊन येतो. मी म्हटलं मी जाते, पण ते पिशवी घेऊन निघाले होते. मी माझं औषध घ्यायला माझ्या घरात आले. तेवढ्या वेळात उत्तरा गेली. जवळ संपदा होती. भावोजी परत आले तेव्हा मीच दारात उभी होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पिशवी चपलांच्या कपाटावर ठेवली, आणि आत गेले.

जूनमध्ये ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची मुदत संपली तेव्हा संपदानं त्यांना गुरुग्रामला नेलं. ते विरोध न करता गेले. त्यांच्या जागी ओडिशाचं एक कुटुंब आलं.

या फेब्रुवारीत संपदाचा फोन आला. "मावशी, बाबा किचनमध्ये पायच ठेवत नाहीत. कुक देईल ते खातात. दिवसभर बाल्कनीत बसतात. तू ये ना एकदा."

रविवारी मी मेट्रोनं गेले. संपदानं सार केलं होतं. कुकरमध्ये सगळ्या भाज्या एकत्र शिजवून, मिक्सरमधून काढून. तिला पुरणयंत्र हा शब्दही माहीत नव्हता. तिघं टेबलाशी बसलो. भावोजींनी एक घोट घेतला, मान डोलावली आणि जेवत राहिले. चांगलं झालंय म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत.

संपदानं मात्र चमचा खाली ठेवला. "बाबा, मला एक सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही मार्केटला गेला होतात ना. आई मला काहीतरी म्हणाली."

भावोजींचा हात थांबला.

"दोनदा म्हणाली. मला समजलं नाही. मी हो म्हटलं. काय ते माहीत नसताना हो म्हटलं, बाबा." ती रडायला लागली. "आणि तिनं डोळे मिटले. एक वर्ष झालं. मी कशाला हो म्हटलं तेच मला माहीत नाही."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण खुर्ची हलवायचाही धीर होईना.

भावोजींनी वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "मी तीस वर्षं तेच केलं." आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "आवाज आठवतो? जसा आला तसा करून दाखव. शब्द नको शोधूस."

संपदानं डोळे पुसले आणि जीभ न हलवता तो आवाज काढला. "ए ऊ... ए."

"पुन्हा."

तिनं पुन्हा काढला. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, पापणी न हलवता.

"शेवटचं लांबवलं होतं का?"

"हो. थोडंसं."

"किती वाजले होते?"

"साडेबारा असतील."

त्यांनी स्वतःशी ओठ हलवून पाहिले. "जेवून घे," ते म्हणाले. "तू सकाळपासून खाल्लं नव्हतंस. जेवून घे म्हणाली असेल." थोडं थांबून म्हणाले, "नाहीतर 'येऊ देत'. मी बाजारातून येईन म्हणून. तेही तसंच ऐकू येईल."

"दोन्हींतलं कोणतं?"

"ते नाही सांगता येणार."

संपदा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती हळूहळू शांत झाली, आणि आई आणखी काय काय कसं म्हणायची ते विचारू लागली. पाणी कसं म्हणायची, संपदा हे नाव कसं म्हणायची. ते एकेक करून दाखवत होते. "अंपआ" म्हणायची ती मुलीला, तिच्या बोलण्यात स नव्हता, द नव्हता. संपदा ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती.

वाट्या तशाच गार होत पडल्या होत्या. मी त्या उचलून आत नेल्या, सार गरम केलं आणि पुन्हा वाढून आणलं. या वेळी दोघंही जेवले. निघताना भावोजी मला खाली गेटपर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "इथे बरं वाटतं का?"

"सवय होतेय," ते म्हणाले. "संपदा शनिवारी घरी असते. पुढच्या शनिवारी मंडईत घेऊन जाईन तिला."